पाच चादरींचं गाणं

आमच्या लाँड्रीत गाण्याची लांबी चादरींत मोजतात. ही मोजणी मावशीने सुरू केली आणि ती इतकी पक्की होती, की तिच्या जोरावर ती एका शनिवारी चार हजार रेकॉर्ड्सच्या मालकाशी भिडली. पण त्याआधी माझ्यामुळेच तिचा सगळा हिशेब बिघडला होता. तो प्रकार आधी सांगते.

ही एका मोठ्या इस्पितळाची लाँड्री. मी तिथे मशिनांची देखभाल करते. मधोमध इस्त्रीचा रोलर आहे, दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब आणि हात लागला तर कातडी सोलवटेल इतका तापलेला. पुढून ओली चादर सोडायची, मागून ती कोरडी, कडक होऊन बाहेर येते. पुढच्या तोंडाशी, सगळे जिला मावशी म्हणतात ती, मागच्या तोंडाशी तिची धाकटी जाऊ. बावीस वर्षं दोघी एका घरात राहतात आणि एकाच रोलरवर काम करतात.

"घरी काही आडवं येत नाही, म्हणून भांडण होतं," धाकटी म्हणते. "इथं निदान मशीन मध्ये आहे."

कपाटावर एक रेडिओ आहे. रोज दहा ते बारा त्यावर जुनी पॉप आणि रॉक अँड रोल गाणी लागतात, गिटार नुकती विजेवर वाजू लागली होती त्या जमान्यातली. रेडिओवाला प्रत्येक गाण्याआधी एखादी गंमत सांगतो. मावशी शाळेत सातवीपर्यंतच गेली, पण बावीस वर्षांच्या या सगळ्या गमती तिला तोंडपाठ आहेत. बाजार आणायला पाठवली तर दोन जिनसा विसरून येईल. पण अमुक रेकॉर्डवर बँडचा ढोलवाला नव्हताच, भाड्याचा ढोलवाला बसवला होता, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल.

एकच अडचण होती. रेडिओवाला गाण्याचं नाव सांगायचा आणि नेमकी तेव्हाच रोलरची वाफ सुटायची. त्यामुळे गाण्यांची खरी नावं मावशीला माहीतच नव्हती. तिने स्वतःच बारसं केलं. 'रडका'. 'शिट्टीवाला'. 'सासरहून पळालेली'. आणि ज्यांना नाव सुचलं नाही ती चादरींवर गेली. तीन चादरींचं, साडेतीनचं, चार चादरी आणि उशीचा एक अभ्रा.

यात अंदाजपंचे काही नाही. रोलरची चाल ठरलेली असते. एक चादर शेपटीपर्यंत आत गेली की लगेच दुसरी सोडायची. तासाला ऐंशी चादरी, म्हणजे एका चादरीला बरोबर पंचेचाळीस सेकंद. भिंतीवर मुकादमांनी हा आकडा रंगवून ठेवला होता. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, दहा गाण्यांत मावशी कुठेही तीन सेकंदांच्या पलीकडे चुकली नाही! मी चाट पडले. आमच्या कॉलेजातली काही उपकरणं याहून वाईट होती.

मग एका सोमवारी मुकादमांनी मला बाजूला घेतलं. "चादरींचा ढीग साचतोय. चाल जरा वाढव. तासाला नव्वद कर. बायकांना आत्ता सांगू नकोस, कुरकुर करतील. आठवडाभराने मीच सांगतो."

पॅनलवर एक आकडा बदलायचा होता. मी बदलला. पंचेचाळीस सेकंदांची चादर चाळीस सेकंदांची झाली. हात जरा जास्त चालू लागले, पण तेवढं कुणाला कळणार, असं मला वाटलं.

मावशीला दुसऱ्याच दिवशी कळलं. फक्त भलतंच कळलं.

"हे काय गं?" ती धाकटीला म्हणाली. "तीन चादरींचं गाणं, आणि चौथी पाव गेली तरी संपेना!"

"वय झालं ताई. मोजताना झोप लागली असेल."

"वय तुझ्या दाढांचं झालं. गाणी लांबलीत. हा मेला रेकॉर्ड हळू फिरवतोय."

बुधवारी 'रडका' लांबला, गुरुवारी 'शिट्टीवाला'. शुक्रवारी मावशीचा संयम संपला. जेवणाच्या सुट्टीआधी तिने मुकादमांच्या टेबलावरचा फोन उचलला आणि थेट कार्यक्रमात फोन लावला. आम्ही रेडिओवर ऐकतोय आणि आतून मावशीचा आवाज येतोय!

"भाऊ, तुमचं मशीन तपासा. गाणी हळू वाजताहेत. प्रत्येक गाण्याला पाव-अर्धी चादर जास्त लागतेय."

"काय लागतंय?"

मावशीने चादरींचा हिशेब समजावला. रेडिओवाला मनापासून हसला, पण त्याने टर उडवली नाही. म्हणाला, "मावशी, एक सांगा. गाणाऱ्याचा आवाज जाड झालाय का? सूर खाली आलाय?"

"नाही. सूर तोच आहे."

"मग रेकॉर्ड हळू कशी असेल? हळू फिरली तर सूर उतरतोच. पण तुमचा नाद मला आवडला बरं का! उद्या अकराला आमची जुन्या गाण्यांची प्रश्नमंजूषा आहे, एक जागा रिकामी आहे. जिंकलात तर पुढच्या शनिवारचा एक तास तुमचा. स्टुडिओत बसायचं, गाणी तुम्ही निवडायची, गमती तुम्ही सांगायच्या."

एक तास! बावीस वर्षं दुसऱ्याने निवडलेली गाणी ऐकलेल्या बाईला यापेक्षा मोठं काय देणार? मागून धाकटीने टाळ्या वाजवल्या.

पण मावशी फोन ठेवून आली ती पडलेल्या चेहऱ्याने. "सूर उतरला नाही हे खरंच आहे," ती पुटपुटली. "म्हणजे गाणं बरोबर आणि मीच चुकतेय. सगळ्या गावासमोर त्या भल्या माणसाला खोटं पाडलं. मी नाही जायची उद्या. डोकंच ठिकाणावर नसेल तर उत्तरं काय द्यायची?"

त्या दुपारी तिने एकही चादर मोजली नाही. रेडिओ चालू होता आणि ती मान खाली घालून काम करत होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मुकादमांचं भय होतं, नोकरी नवीन होती. पण माझ्या एका आकड्यापायी ही बाई स्वतःला वेडी समजत होती. चार वाजता मी रोलरचं बटण बंद केलं.

"मावशी, तुम्ही बरोबर आहात. रोलरची चाल मी वाढवलीय. सोमवारी. चादर आता चाळीस सेकंदांची आहे."

मला वाटलं, आता मुस्काटात बसते. तिने माझे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"आहे."

"ऐकलंस गं? आहे!" ती रोलरपलीकडे ओरडली.

"अगं पण या पोरीने आपल्याला आठवडाभर पळवलं, ते?" धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तरीच माझे खांदे भरून आले. आणि मी तेल चोळत बसले रोज!"

मग दोघी जावा जोडीने मुकादमांकडे गेल्या. घरात ज्यांचं मिठावरून पटत नाही त्या दोघी! आतून मुकादमांचा आवाज एकदाच आला, "मी सांगणारच होतो." त्यानंतर बराच वेळ फक्त यांचेच आवाज. बाहेर आल्या तेव्हा दोन गोष्टी ठरल्या होत्या. सोमवारपासून रोलर जुन्या चालीवर. आणि उद्या अकराला टेबलावरचा फोन मावशीचा.

शनिवारी अकराला तसंही आमचं मशीन बंद असतं. रोलरला मेण लावायचं असतं, म्हणजे चादरी चिकटत नाहीत. त्यामुळे वाफ नव्हती, घरघर नव्हती. फोन स्पीकरवर टाकला, रेडिओ बंद केला, आणि धुलाईच्या बाजूची माणसंही ओले हात पुसत येऊन उभी राहिली.

मावशीचं पहिलं वाक्य, "भाऊ, काल मी तुम्हाला बोलले ते मागे घेते. खोट आमच्या रोलरमध्ये होती." तिने माझं नाव घेतलं नाही. मी मेणाचा डबा उगाचच पुसत राहिले.

तिच्या विरुद्ध, दुसऱ्या फोनवर, होते एक दातांचे डॉक्टर. घरी चार हजार रेकॉर्ड्स. आवाज असा, की ऐकूनच तोंड उघडावंसं वाटावं.

पहिला प्रश्न मावशीला. छोट्या रेकॉर्डच्या मधलं भोक एवढं मोठं का?

"रेकॉर्ड आपोआप बदलायच्या यंत्राची सगळी करामत मधल्या जाड खुंटीत बसवली होती. खुंटी जाड म्हणून भोक मोठं."

बरोबर! डॉक्टरांचंही पहिलं बरोबर. पुढचा, काही गिटारचा आवाज फाटका का येतो? "स्पीकरचा कागद मुद्दाम ब्लेडने कापला होता." बरोबर! गाणी तयार करणारे मोठे स्पीकर सोडून मुद्दाम छोट्या, किरट्या स्पीकरवर का ऐकून बघायचे? "अहो, लोक मोटारीत आणि खिशातल्या रेडिओवर ऐकणार ना! तिथं चांगलं वाजलं तर खरं." बरोबर! धाकटी प्रत्येक उत्तराला टेबलावर थाप मारत होती. मुकादमांचा चहाचा कप दोनदा नाचला.

चौथाही दोघांनी सोडवला. चार-चार बरोबरी. शेवटचा प्रश्न दोघांना एकच.

"त्या काळात गाणं लांब असलं की रेडिओवाले लावत नसत," रेडिओवाला म्हणाला. "म्हणून कंपन्या कधीकधी लेबलवर खोटी, कमी वेळ छापत. माझ्या हातातल्या रेकॉर्डवर तीन मिनिटं पाच सेकंद छापलंय, आणि ते खोटं आहे. खरी लांबी किती? जो जवळ, तो जिंकला. ओळखण्यापुरतं ऐकवतो."

गिटारचे चार सूर वाजले आणि बंद झाले.

"माझ्याकडे आहे ही!" डॉक्टर लगेच म्हणाले. "तीन मिनिटं अडतीस."

मावशीने डोळे मिटले. तिच्या ओठांवर मी वाचलं, पाच. मग तिने डोळे उघडले, घाबरून माझ्याकडे पाहिलं. "याच आठवड्यात लागलं होतं गं हे. तेव्हा साडेपाचच्या पुढे गेलं होतं."

"ते माझ्या चालीवर," मी कुजबुजले. "तुमची जुनी चादर धरा."

"पाच चादरी," ती फोनमध्ये म्हणाली. "एक पंचेचाळीसची. म्हणजे तीन मिनिटं पंचेचाळीस सेकंद."

"आता घड्याळ लावून पूर्ण वाजवतो," रेडिओवाला म्हणाला.

पावणेचार मिनिटं किती लांब असतात ते त्या दिवशी कळलं. कुणी हललं नाही. गाणं चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. शेवट असा होता, की सगळे तीच ओळ म्हणत म्हणत दूर निघून जातात, आवाज हळूहळू विरतो. विरला. शांतता.

"संपलं!" डॉक्टर म्हणाले. "माझ्या घड्याळात तीन एकोणचाळीस."

धाकटीने कपाळाला हात लावला.

"थांबा!" मावशी जवळजवळ फोनमध्ये शिरली. "कुठं संपलं? अजून खंजिरी आहे. पाचव्या चादरीचं शेपूट अजून बाहेर आहे माझं!"

"मला नाही ऐकू आली," डॉक्टर म्हणाले.

"रेकॉर्डवर असेल तर लपणार नाही," रेडिओवाला म्हणाला. त्याने आवाज विरला होता तिथेच सुई परत ठेवली, घड्याळ तिथून पुढे चालू केलं आणि आवाज पुरता चढवला. सुरुवातीला नुसती खरखर. मग तिच्या आड, कुणीतरी मुठीत धरल्यासारखी, छन्. छन्. आणि बऱ्याच उशिराने शेवटची एक, छन्.

"तीन मिनिटं चव्वेचाळीस!" रेडिओवाला खुर्चीतून उठला असावा, त्याच्या मागे काहीतरी पडलं. "मावशी, वीस वर्षं ही रेकॉर्ड लावतोय, ती शेवटची खंजिरी मी कधी ऐकली नव्हती!"

"मीही नाही," डॉक्टर म्हणाले, आणि लगेच पुढे, "ताई, एकदा आमच्याकडे या. घरातल्या सगळ्या रेकॉर्ड तुम्हाला ऐकवायच्या आहेत."

लाँड्रीत जो गोंगाट झाला तो वर वॉर्डात पोहोचला. एक नर्स धावत खाली आली, कुणी भाजलं का बघायला. मुकादम स्वतः टाळ्या वाजवत होते. मावशी मात्र तिथेच उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"मावशी, आहात ना?" फोनमधून आवाज आला. "पुढच्या शनिवारचं पहिलं गाणं आत्ताच सांगून टाका. कुठलं लावू?"

भोकापासून खंजिरीपर्यंत सगळं सांगणारी बाई, तिला एक गाणं सुचेना! बावीस वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघू लागली.

"अगं ताई, ते सांग ना," मागून धाकटी म्हणाली. "ज्यात गाता गाता त्या बाईला हसू फुटतं आणि ते तसंच ठेवलंय."

मावशी सावकाश वळली. "तू तर म्हणायचीस, डोकं उठतं या गाण्यांनी. तू ऐकत होतीस?"

"मग काय कानांना झाकण लावू?"

मावशीने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग फोनवर वाकली.

"भाऊ, लिहून घ्या," ती म्हणाली. "पहिलं गाणं आमच्या धाकटीचं."