पात्यांचा कल

“या टेबलाले तुह्याशिवाय दुसरं कोण हात लावते? तेवढं सांग मले,” मार्तंडराव तिसऱ्यांदा म्हणाले.

प्रतिमा दारातच उभी होती. तिच्या कानापासून चार बोटांवर, चौकटीच्या सागवानात ते लाकडी पातं अजून रुतलेलं होतं. गालावर बारीक लाल रेघ उठली होती.

“मामाजी, दोन्ही पाती पाच अंश कलावर होती. परवा तुमीच मोजून पाह्यली.”

“मंग काय पात्याच्या दांडीले पाय फुटले?” उद्धवनं बायकोकडे न बघताच टोला हाणला. “मी पहिल्यापासून म्हणून राह्यलो, हिनं दुकानात बसू नाही. आता बस म्हणा घरात.”

चिखलीतलं मार्तंडरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. सुनेचा हात तारांना कथलाचा डाग द्यायला बसला तसे ते नाजूक काम तिच्याकडेच सरकवू लागले होते. डोणगावच्या गुलाबरावांच्या जावयानं जर्मनीहून आणलेलं बिनतारी, रेडिओवर उडणारं छोटं हेलिकॉप्टरही तिनंच जुळवलं होतं. दांडीचं टोक काढायचं, वळसा द्यायचा, पुन्हा बसवायचं. पात्याचा कल तेवढ्यानं बदलतो, हे तिनं सोबतच्या पुस्तिकेतली चित्रं पाहून ताडलं होतं. आज दसऱ्याला अंगणात ते पहिल्यांदा फिरवलं, तर जमीन सोडायच्या आधीच हिवताप भरल्यासारखं थडथडलं आणि एक पातं सुटलं.

मार्तंडरावांनी मोडकं यंत्र मांडीवर घेतलं. “कुणीतरी दोन्ही पाती एकाच बाजूले कलवली बे,” ते उद्धवला म्हणाले.

“तसं मी कशी करीन, मामाजी? फुगडी नाही का? दोघी सारख्याच कलतात, पण बाजूनं पाहाल तर एक इकडं अन् एक तिकडं. पात्यांचं तसंच असते.”

सासूबाई, कोकिळाबाई, घरात वाटायला सोन्याच्या पानांचं ताट घेऊन उभ्या होत्या. फुगडी म्हटलं आणि त्यांना कालची पूजा आठवली.

काल खंडेनवमी. पक्कड, पेचकस, डाग द्यायची कांडी, सगळं पुसून त्यांनी पाटावर मांडलं होतं. हेलिकॉप्टरही. हळदीचं बोट लावायला वाकल्या तर एक पातं इकडे कललेलं, दुसरं तिकडे. देवापुढे असं तिरपंतारपं बरं दिसत नाही, म्हणून सुनेला करताना पाहिलं होतं तसं त्यांनी एका पात्याच्या दांडीचं टोक काढलं, मोजून दहा वळसे दिले, आणि दोन्ही पाती एकसारखी दिसेपर्यंत डोळा बारीक करून पाहिलं. केवढं समाधान वाटलं होतं.

त्यांनी चौकटीतल्या पात्याकडे पाहिलं. मग सुनेच्या कानाकडे. चार बोटं.

“चाल घरात,” उद्धव प्रतिमाला म्हणत होता.

“ते म्या वळवलं,” कोकिळाबाई म्हणाल्या.

“आई, तू काऊन तिचं पाप अंगावर घेऊन राह्यली?”

“तिचं नाही. माह्यंच. काल पूजेत.”

मार्तंडरावांनी मान वर केली. प्रतिमा हळूच उंबऱ्यावर बसली.

कोकिळाबाईंनी ताट खाली ठेवलं.

“उद्यापासून प्रतिमा सकाळीच दुकानात बसेल. सैपाक मी पाहीन. अन् उद्धव, तुहा डबा तू भरत जाशील.”