पोरीची पानथरी आणि आमचं ‘न्हाई सर’

लेकीला सहावं लागलं आणि शाळेच्या स्कर्टचा हूक लागेना. हातपाय काड्या आणि पोट मात्र सरपंचाचं. उंब्रजच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय म्हणाले. मलेरिया निघेना, टायफॉइड निघेना, टीबी निघेना. नर्स दिसली की पोरगी आपणच बाही वर करायला लागली. शेवटी एका सर्जननी सांगितलं, कारण सापडत नाही तर पानथरी काढूनच टाकू. तारीखसुद्धा देऊन टाकली. कशानं झालं ते ठाऊक नाही आणि निघाले कापायला! काढण्याआधी मिरजेच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंना दाखवायचंच, असं मी घरात ठणकावून सांगितलं.

नवरा फौजेत, सरहद्दीवर. म्हणून सासरे निघाले. त्यांना मी मामा म्हणते. रिटायर सुभेदार. गावातली निम्मी पोरं त्यांनी भरतीला उभी केलीत. गाडी गावाबाहेर पडायच्या आत त्यांनी आमची परेड सुरू केली.

“मेडिकलला काय बी विचारलं तरी उत्तर एकच, न्हाई सर! एकदा व्हय म्हणलं की कागदावर चढतं, आन मग माणूस बाद. घरात कुणाला दमा?”

“न्हाई सर!” लेक सगळ्यांत मोठ्यानं ओरडली.

“अहो मामा, ती भरतीला चाललीय का?”

“डागदर तो डागदर,” मामा म्हणाले. सासूबाई खिडकीतून ऊस बघत बसल्या होत्या. त्या मामांपुढं कधी बोलायच्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी आधी पोरीला हसवलं, मग कागदावर चौकोन आणि गोल काढायला घेतले. चौकोन म्हणजे बाप्ये, गोल म्हणजे बाया, आमची वंशावळ. कुणाला रक्ताचा आजार? न्हाई सर. कुणाची हाडं दुखायची? न्हाई सर. बाई असून मामा त्यांना सरच म्हणत होते. आईवडिलांचं लग्न नात्यातलं? न्हाई सर! मीसुद्धा मान हलवली. का हलवली, देव जाणे. परेडचा परिणाम.

तेवढ्यात मी म्हटलं, “आत्या, पाण्याची बाटली द्या.”

बाईंचा पेन थांबला. “सासूला आत्या म्हणायची पद्धत म्हणून आत्या, की खरीच?”

“खरीच!” लेक म्हणाली. “आज्जी आन माझ्या आईचे बाबा भाऊबहीण हायती.”

मामा छताकडं बघायला लागले. बाई चिडल्या नाहीत, हेच नशीब. म्हणाल्या, “सुभेदारसाहेब, इथं कुणी बाद होत नाही. खोटं सांगितलंत तर मात्र हिची पानथरी उगाच जाईल. आता नीट सांगा. घराण्यात असं पोट वाढून लहानपणी गेलेलं मूल?”

“न्हाई स...”

“आवं, गप बसा जरा!” आत्या म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात मामांना हे पहिल्यांदाच ऐकायला मिळालं असावं. ते खरंच गप बसले.

“हुता,” आत्या म्हणाली. “माजा धाकटा भाऊ. असंच प्वाट. पाय दुकत्यात म्हणून रडायचा. सातव्या वर्साला गेला.” मला असा काका होता हे मला तेव्हा कळलं. बाईंनी माझ्या वडिलांच्या शेजारी एक लहान चौकोन काढला आणि तो गेलेला म्हणून त्यावर तिरकी रेघ मारली. मग पोरीच्या रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतले, वाळवले आणि तपासणीला पाठवून दिले. रिपोर्ट येईपर्यंत ऑपरेशन थांबवायला सांगितलं. ते दिवस मी सगळ्यांवर खेकसण्यात काढले, म्हशीवरसुद्धा.

रिपोर्ट घ्यायला आम्ही सगळे परत गेलो. बाई म्हणाल्या, पेशींतली चरबी मोडणारं एक एन्झाइम हिच्या अंगात जन्मापासून कमी आहे, म्हणून ती चरबी साठते आणि पानथरी फुगते. आईवडील दोघांकडून आलं तरच हे होतं आणि नात्यातल्या लग्नात तसं जास्त घडतं, म्हणून नात्याचं विचारलं. ते एन्झाइम सलाईनमधून देता येतं. औषध फार महाग असतं, म्हणून मदतीसाठी लगेच अर्ज करू. पानथरी काढायची नाही.

मी तिथंच भोकाड पसरलं. मामांनी उभं राहून सॅल्यूट ठोकला. कुणाला ठोकला, ते त्यांनाही माहीत नसावं.

आत्या मात्र खुर्चीच्या टोकावर तशीच बसून होती. “डागदरबाई, माज्या भावाला बी ह्योच आजार आसल?”

“बहुतेक हाच.”

“त्यो माती खायचा. त्याला मी सांबाळायची. माजं ध्यान न्हवतं, म्हणून माती खाऊन त्याचं प्वाट वाडलं, आसं सगळी म्हणायची.”

“मातीनं हे होत नाही, आजी. हे जन्मापासूनच असतं.”

आत्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“मंजी आईनं मला उगंच मारलं,” ती म्हणाली.