आठ बिटांचा राजहंस

धुळ्यातल्या त्या गल्लीत लताबाईंच्या पुढच्या खोलीत तासाच्या भाड्याने व्हिडिओ गेम चालायचा. एक टीव्ही, एक मशीन, दोन रिमोट आणि सतरंजी. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण घरात 'माझं' म्हणावं असं त्यांचं एवढंच होतं.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये समोरच्या पितांबरने सीडीवालं मशीन आणलं, पोरं तिकडे वळली आणि सतरंजी ओस पडली.

"पंधरा दिवस बघ," त्यांचे यजमान भाईदास म्हणाले. "नाहीतर खोली सुपडूला पिठाच्या गिरणीसाठी देऊन टाकू."

लताबाई सरळ पितांबरकडे गेल्या.

"वहिनी, तुमचं आठ बिट, माझं बत्तीस. ताकद बघा!"

पडद्यावरचा माणूस चालत होता, त्याच्याभोवती फिरून त्याची पाठही बघता येत होती. लताबाईंनी ते मान्य केलं. "पण याचं तोंड पुठ्ठा दुमडल्यासारखं का?"

"तोंडाकडे कोण बघतं?"

"मी."

त्यांचा हात दोसुतीच्या कापडावर तयार झालेला होता. घरं मोजून फुल्यांचे टाके घालायचे आणि बारा टाक्यांत पोपट रागावलेला दाखवायचा, हे त्यांना जमे. दुसऱ्या दिवशी त्या बसने जळगावला गेल्या. दुकानदार लीलाधरला त्यांनी गेमच्या चौदा कॅसेट लावून दाखवायला लावल्या.

"ताई, ही जुनी आहे. कुणी नेत नाही."

निळं तळं होतं आणि त्यात मान वळवणारा राजहंस.

"चारच रंग," लताबाई म्हणाल्या, "आणि तोरा बघा मेल्याचा!"

कॅसेट घरी आली, पण आठवडाभर त्या तोऱ्याकडे कुणी फिरकलं नाही. मग शेजारच्या बेबाबाई विरजण मागायला आल्या. वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न होतं, रुखवताचं भरतकाम अर्धवट होतं. त्यांचं लक्ष पडद्यावरच्या हंसाकडे गेलं.

"अगं, थांबव त्याला!"

लताबाईंनी बटण दाबलं. हंस मान वाकडी करून थांबला. बेबाबाई पडद्याला नाक लावून बसल्या.

"चोचीला किती घरं गं?"

"तीन. चौथं घातलंस तर बदक होईल."

दुसऱ्या दिवशी बेबाबाईंनी जावेला आणलं. आठवडा संपायच्या आत सात जणी दोरे घेऊन बसल्या, तासाचे पैसे देऊन. त्यांना कमळांचा नमुनाही हवा होता, पण गेममधली कमळं धबधब्यापलीकडे होती, तिथवर कुणीतरी खेळून पोचायला हवं होतं. मग रिमोटवरून भांडणं.

"उडी मार ना! सासरी अशीच अडखळशील!" बेबाबाई लेकीवर ओरडल्या.

पंधराव्या दिवशी भाईदास सुपडूला घेऊन आले. सुपडूच्या हातात मोजायची टेप होती. त्याने दारातूनच आत डोकावलं.

"भाऊ, खोली रिकामी शे म्हने ना तुम्ही? आठे ते बठ्ठ्या बाया बठेल शेतस!"

रिकामी म्हणून सांगितलेली खोली बसलेल्या बायांनी भरलेली बघून भाईदास पाय ठेवायला जागा शोधू लागले.

"भाऊजी, उजेड अडवू नका," बेबाबाई मागे न बघता म्हणाल्या.

लताबाईंच्या हातात रिमोट होता. "सुपडूभाऊंना ओट्यावर बसवा," त्या म्हणाल्या. "एवढा धबधबा पार झाला की चहा टाकते."