नुसतं तोडून खायचं सफरचंद

ऑगस्ट संपत आला की आमच्या बिया नावाच्या नदीच्या काठच्या बागवाल्यांच्या सोसायटीत घरोघरी पातेली चढतात आणि मला शिसारी येते. सुपारीएवढी ती आमची आंबट-तुरट सफरचंदं, रानेत्का म्हणतात त्यांना, ती देठासकट पाकात शिजवायची, बरण्या भरायच्या आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत तळघरात ठेवून द्यायच्या. मग जुना पाक ओतून द्यायचा आणि नवा करायला घ्यायचा. कच्चं एक फळ तरी कुणी खाऊन दाखवावं. दात आंबतात, जीभ खरखरीत होते. वर म्हणायचं काय, तर आपल्या थंडीत असंच पिकायचं.

त्याची माझ्यापेक्षाही जास्त किळस होती ती इग्नात सावेलिचना. माझे शेजारी, मध्ये फक्त कुंपण. साखर कारखान्याच्या बॉयलरवर जन्म गेला, बायको लवकर गेली, स्वभाव तिरसट. कुणी प्रेमाने मुरंबा पुढे केला तर वाटी तशीच सरकवून विचारायचे, "हे औषध आहे का शिक्षा?"

या माणसाने अठरा वर्षं एकच काम केलं. गोड सफरचंदाचा पराग आमच्या रानटी झाडावर घालायचा, त्याचं बी पेरायचं, रोप फळावर यायची वाट बघायची. पहिलं फळ चावायचे, थुंकायचे आणि कुऱ्हाड आणायला जायचे. शेकडो झाडं तोडली असतील. शेवटी एक उरलं. लिंबाएवढं पिवळं फळ, एका गालावर लाली. देठाला धरून बियांसकट अख्खं खायचं, साल दाताखाली कट्‌कन तुटायची आणि रस मनगटापर्यंत यायचा. साखरेचा दाणा लागत नव्हता. त्याला नाव ठेवायच्या फंदातही ते पडले नाहीत.

मग ते वाटत सुटले. नोव्हेंबरात त्या झाडाच्या कलमासाठी काड्या कापून बर्फाच्या ढिगात पुरायच्या आणि मे उजाडला की चाकू घेऊन दारोदार जाऊन रानटी खुंटावर स्वतः कलम बांधायचं. एकतीस बागांत बांधलं. आमच्याकडे कलमाबद्दल आभार मानत नाहीत, मानले तर कलम धरत नाही म्हणतात. लोकांनी ही रीत मोठ्या भक्तिभावाने पाळली, फुकटात पाळता येते ना.

निघताना ते दोनच गोष्टी सांगायचे. कलमाच्या खालून फुटवा आला की मोडून टाका, तो रानटी असतो. आणि एक खालची फांदी दर ऑक्टोबरात जमिनीला वाकवून वर फळी ठेवा. वरचं झाड थंडीने गेलं तरी बर्फाखालची फांदी जगते.

दोन हजार एकच्या जानेवारीत पारा शून्याखाली सत्तेचाळीसवर गेला आणि बरेच दिवस तिथेच बसला. मेच्या सुरुवातीला बर्फ वितळल्यावर पाहिलं तर इग्नात सावेलिचचं मूळ झाड वरून काळं ठिक्कर. खालच्या वाकवलेल्या फांद्यांची साल बर्फाखाली उंदरांनी चौफेर कुरतडलेली, म्हणजे त्याही गेलेल्या. काड्या पुरून ठेवायचं त्यांनी वाटप संपल्यावर सोडलं होतं.

"ग्लाशा, कुणाकडून तरी एक काडी मिळवायला हवी," ते कुंपणापाशी येऊन म्हणाले. "एक डोळा जिवंत मिळाला तरी पुरे. मी सत्त्याहत्तरचा आहे, आणखी अठरा वर्षं मला कोण देणार?"

त्यांना मागायला जमत नाही, म्हणून मी बरोबर निघाले.

गोदामवाला पोर्फिरी पहिला. त्याने झाड तीन वर्षांपूर्वीच तोडलं होतं. "पाहुण्यांपुढे लिंबाएवढं काय ठेवायचं हो? लाज वाटते." त्या जागी दक्षिणेकडच्या फेरीवाल्याकडून घेतलेलं मोठ्या सफरचंदाचं रोप, म्हणजे आता वाळकी काठी. ती दाखवून वर इग्नात सावेलिचनाच विचारतो, "बघा बरं जरा, हे जगेल का?"

अनफीसाने मात्र हसत दार उघडलं. "या या, तुमचंच झाड आहे, दरवर्षी लगडतं." झाड खरंच टवटवीत, डोळे फुगलेले. माझा जीव भांड्यात पडला. इग्नात सावेलिच गुडघ्यावर बसले आणि बुंधा चाचपून म्हणाले, "हे रानटी आहे. खालचे फुटवे मोडले नाहीस, कलम केव्हाच मेलं."

"काय सांगता? सहा वर्षं आम्ही तुमच्याच सफरचंदाचा मुरंबा करतोय. छान होतो, साखर तेवढी दुप्पट लागते."

मी फाटकाबाहेर येऊन थुंकले.

दोन दिवस हिंडलो. कुणाची कंबर दुखते म्हणून फांदी वाकवली नव्हती, कुणाला फळी सापडली नव्हती. एकाने तर ऐकवलं, "तुमचंही मेलं ना? मग जात कसली चांगली?" परतताना माझी जीभ थांबेना. माणसं आहेत का डुकरं, फुकट मिळालं की मातीमोल, यांच्या दारात पाय ठेवू नये.

माझ्या फाटकाशी इग्नात सावेलिच थांबले. "आता तुझंच राहिलं. तुझी फांदी असणारच, म्हणून शेवटी ठेवलं. आधी इतरांकडे काय उरलंय ते बघायचं होतं."

वरचं झाड काळं होतं. त्यांनी बुंध्याजवळचं जुनं गवत काठीने बाजूला केलं. फांदीच्या जागी करवतीचा गोल काप होता. थंडी असा काप करत नाही आणि उंदीरही करत नाहीत.

"काकडीच्या वाफ्यावर सावली पडत होती," मी म्हटलं. "गेल्या जुलैत कापली. वाटलं, वरचं झाड आहे की."

"लाकडाचं काय केलंस?"

"त्याच्या धुरावर मासे सुकवले."

त्यातले दोन मासे मीच वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांना कुंपणावरून दिले होते. वास गोड आहे, लाकूड कुठलं, असं त्यांनी विचारलं होतं आणि मी बेधडक चेरीचं म्हणून सांगितलं होतं.

"मासे चांगले होते," ते म्हणाले आणि फाटक लावून घरी गेले.

त्यानंतर ते पाच वर्षं जगले. पुन्हा बी पेरलं नाही आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. पोर्फिरीने झाड तोडलं, अनफीसाने मरू दिलं. पण त्या माणसाला त्याचंच झाड खाऊ घालणारी मी एकटीच.