शिलाई मशीनवरून मोहगाव

माझ्या सासूबाई शिलाई मशीनवर बसून मोहगावला गेल्या, तेव्हा मला पांढुर्ण्यात सून होऊन वर्षही झालं नव्हतं.

ऐंशीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. माझं माहेर सौसरचं. लग्नानंतर सावरगावच्या प्राथमिक शाळेत मला नोकरी लागली, म्हणून रोज सायकलनं जाम नदीचा पूल ओलांडायचा आणि संध्याकाळी परत यायचं. या फेऱ्यांत माझी सायकल आठवड्यातून एकदा तरी पंक्चर व्हायची, आणि त्यामुळेच आमच्या गल्लीतल्या सायकल मंडळाशी माझा संबंध आला.

सायकल मंडळ म्हणजे गल्लीच्या गणपतीची खोली. गणपतीचे दिवस सोडले तर त्या खोलीत सतरंज्या आणि उंदीर एवढंच असायचं. तिथे दर रविवारी सकाळी तीन जण बसायचे: रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब, शाळेतले ड्रॉइंग मास्तर आणि माझा नवरा. पंप, पाने आणि पंक्चर शोधायला पाण्यानं भरलेलं घमेलं एवढा त्यांचा संसार. कुणीही यावं, फुकट हत्यारं वापरावीत आणि आपली सायकल आपल्याच हातानं दुरुस्त करावी, असा नियम होता. प्रत्यक्षात माणूस पाना हातात घ्यायचा, गार्डसाहेब "असा नाही, असा" म्हणत तो काढून घ्यायचे आणि सगळं स्वतःच करायचे.

एका रविवारी जंगल खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी मंडळाला एक लोखंडी पेटी दान दिली. ते मुलाकडे नागपूरला राहायला चालले होते. पेटीत त्यांच्या तरुणपणच्या सायकलीचे दागिने होते. टायरला घासून बोंबलणारा सायरन, रबरी फुग्याचा भोंगा, दिव्याचा डायनॅमो, वळताना बाहेर येणारे पत्र्याचे दोन हात, आणि सुपारीच्या डबीएवढं एक पितळी मीटर. मीटरला चांदणीसारखं दातेरी चाक होतं. सायकलच्या आऱ्याला बांधलेला खिळा प्रत्येक फेऱ्याला त्या चांदणीला टक् करून लागायचा आणि काचेमागचे आकडे पुढे सरकायचे. पण ते मोजायचं मैल. गावात सगळीकडे किलोमीटर येऊन जमाना झाला होता.

दान आलेलं विकायचं नाही, गल्लीतल्या कुणाच्या तरी कामी लावायचं, असं तिघांनी ठरवलं. सायरन दूधवाल्यानं नेला. पहिल्याच सकाळी गोठ्यासमोर वाजवला तर म्हशींनी दावी तोडली, आणि संध्याकाळी तो सायरन परत करून गेला. डायनॅमो रसवंतीच्या चाकाला लागला. ऊस पिळला जात असला की भर उन्हात एक बल्ब लागायचा, आणि लोक रसापेक्षा बल्ब बघायला थांबायचे. पत्र्याचे हात ड्रॉइंग मास्तरांनी खोलीच्या दारावर ठोकले. उजवा हात बाहेर असला की मंडळ उघडं, डावा असला की जेवायला गेले. भोंगा गार्डसाहेबांनी कुणाला विचारलंच नाही, स्वतःकडे ठेवून घेतला. मीटर मात्र कुणी नेईना.

आणि सासूबाई मशीनचं तेल मागायला खोलीत आल्या.

सासरे मी येण्याआधीच गेले होते. सासूबाई अर्ध्या गल्लीचे परकर आणि ब्लाउज शिवायच्या. पायानं चालवायचं जड काळं मशीन ओसरीवर होतं आणि त्याला लागणारं तेल सायकलच्या तेलासारखंच, म्हणून त्या मंडळाकडून वाटीभर घेऊन जायच्या. त्या दिवशी त्यांची नजर मीटरवर गेली.

"हे काय मोजते?" त्यांनी विचारलं.

"चाक किती चाललं ते," गार्डसाहेब म्हणाले.

"माह्या मशीनलेही चाक आहे."

"पण बाई, तुमचं चाक जागच्या जागी फिरते."

"फिरते ना? मंग मोजू द्या की त्याले."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुपारपर्यंत गार्डसाहेबांनी मशीनच्या खालच्या मोठ्या चाकाच्या आऱ्याला खिळा बांधला आणि पट्टी वाकवून मीटर मशीनच्या लोखंडी पायाला बसवलं. सासूबाई एक परकर शिवून उठल्या, तर दीड मैल झाला होता. त्या कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिल्या.

"आता तिगावपर्यंत जाऊ या," गार्डसाहेब उत्साहानं म्हणाले. त्यांच्या डोक्यात सगळं जग स्टेशनांनी बांधलेलं होतं.

"तिगावात माह्यं कोण आहे?" सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "मोहगाव किती मैल व्हय?"

माझ्या नवऱ्याच्या हातून पाना पडला. मोहगाव सासूबाईंचं माहेर, आणि तिथे त्या कितीतरी वर्षांत गेल्या नव्हत्या. त्यांच्या थोरल्या भावाच्या बायकोनं पोरीच्या लग्नात त्यांना लुगडं नेसवलं होतं, आणि घरी येऊन घडी उलगडली तर ते त्यांनीच पूर्वी वहिनीला दिलेलं लुगडं निघालं. तेव्हापासून जाणं-येणं बंद. "मेली तरी बस धरून जाणार नाही त्या घरी," असं त्या सांगत आल्या होत्या. बसबद्दल शपथ होती. मशीनबद्दल कसलीच नव्हती.

गार्डसाहेब म्हणाले, मोहगाव अठरा मैल. त्या बाजूला जाणाऱ्या बसचा कंडक्टर आमच्या गल्लीतच राहायचा, तो म्हणाला बावीस. शेवटी वीस ठरले.

त्या दिवसापासून सासूबाईंचं शिवणं हा प्रवास झाला. सकाळी चहा घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "निघते मी." मी शाळेतून आले की सांगायच्या, "आज दोन मैल झाले, वाटेत ऊन लय होतं." कंडक्टरच्या बायकोचे चार परकर शिवायचे होते, त्यामुळे तो रोज आकडा विचारून जायचा. गार्डसाहेब संध्याकाळी येऊन वाकून मीटर बघायचे आणि भोंगा वाजवायचे. सासूबाईंनी कधी नव्हे ते शेजारणीला अंगावरच्या मापाची चोळीसुद्धा फुकट शिवून दिली, का तर म्हणे मध्ये मैल कमी पडायला नको.

बुधवारी संध्याकाळी मीटरवर अठराच्या वर आकडा होता. उद्या पोचणार हे सगळ्या गल्लीला माहीत झालं.

आता माझा गुन्हा सांगते. गुरुवारी शाळेला कसली तरी सुट्टी होती. सासूबाई दुपारच्या बाजाराला गेल्या होत्या. माझ्या सायकलच्या सीटचं कव्हर फाटलं होतं, म्हटलं आपणच शिवू. मशीनला मी जन्मात हात लावलेला नव्हता. पाय टाकला तर चाक उलटं फिरलं, धाग्याचा गुंता झाला, धागा तुटला. मी धागा काढून टाकला आणि आधी पायाचा सराव करावा म्हणून चालवत बसले. अर्धा तास चालवलं. चांगलं जमलं असं मला वाटलं. टक् टक् आवाज येत होता, मला तर तो शाबासकीसारखा वाटला.

सासूबाई आल्या, पिशवी ठेवली, मशीनवर बसल्या आणि ओरडल्या, "अवो, हे काय झालं वो!"

मीटरवर साडेसोळा होते.

गार्डसाहेबांना बोलावणं गेलं. ते आले, चष्मा लावला, चाक आधी पुढे फिरवून बघितलं, मग मागे. मागे फिरवलं की आकडे उतरत होते.

"गाडी मागे आणली कोणीतरी," ते गंभीरपणे म्हणाले. "शंटिंग झालं आहे."

माझा नवरा म्हणाला, "उंदीर असतील." मी त्याच्याकडे कृतज्ञतेनं बघितलं. पण उंदराला मशीन चालवता येत नाही हे सासूबाईंना माहीत होतं. त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या सीट कव्हरवर आली आणि मी सगळं कबूल केलं.

"आई, चुकलं माझं. मी मागे-पुढे बघितलंच नाही."

"पुढं नाई पाहिलं तूनं," त्या म्हणाल्या. "मागंच मागं पाहत राहिली." त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. शिवायलाही बसल्या नाहीत. म्हणाल्या, दमल्यासारखं झालं, इतकं चालून परत यायचं म्हणजे.

शुक्रवारी संध्याकाळी मी शाळेतून आले, तोच दारात एक म्हातारी बाई उभी राहिली. घामानं डबडबलेली, काखोटीला फडक्यात बांधलेलं मोठं गाठोडं. मी ओळखत नव्हते. सासूबाईंनी मशीनवरून मान वर केली आणि त्यांचा पाय थांबला. ती मोहगावची वहिनी होती.

"आहे ना इथंच?" वहिनी दारातूनच म्हणाल्या. "आमी तिकडं वाट पाहून राहिलो, आन् ह्या बाई घरात बसून आहे!"

"कोणाची वाट?"

"तुमची! कंडक्टर रोज सांगून राहिला ना बसस्टँडवर. तुमची बाई निघाली, सहा मैल झाले, बारा मैल झाले. मी म्हटलं पायी येऊन राहिल्या. दिवसाले दोन-तीन मैल! मी ह्यांले म्हटलं, तिचे गुडघे गेले असतील, नाई तर इतकं हळू कोण चालते? गाडी जुंपून पाठवा म्हटलं. ते म्हणे, भांडण आहे ना. मी म्हटलं, भांडण राहू द्या, बाई रस्त्यात पडून मरन! काल दिवसभर ते गाडी घेऊन रस्त्याले उभे. मी पुरण घातलं. कोणी आलंच नाई!"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी यायचीच होती काल. हिनं मागं आणलं मले." आणि माझ्याकडे बोट केलं.

मग सगळं सांगावं लागलं. मीटर, खिळा, चांदणी, शंटिंग. वहिनी वाकून वाकून मीटर बघत होत्या. मला वाटलं आता दुसरं भांडण पेटणार आणि ते आणखी वीस वर्षं चालणार.

वहिनींनी गाठोडं खाली ठेवलं. "किती राहिलं मंग?"

"एकच मैल," सासूबाई म्हणाल्या. सकाळपासून त्यांनी जोर लावला होता.

"उठा तिथून."

"काऊन?"

"उठा म्हणतो ना. घ्यायले आली आहे मी. इथून पुढं मी नेतो तुम्हाले."

आणि खरोखर वहिनी मशीनवर बसल्या. त्यांना मशीन येत होतं, पहिल्या झटक्यात चाक सुलटं फिरलं. सासूबाई शेजारी स्टुलावर बसल्या, बैलगाडीत बसावं तशा, हात मांडीवर.

"धागा तरी घाला वहिनी. फुकट काऊन चालता?"

मग अर्धवट परकर सुईखाली सरकवला. वहिनी चालवायच्या, सासूबाई कापड धरायच्या. मध्येच सासूबाई म्हणाल्या, "ते लुगडं तुमी मुद्दाम दिलं होतं?" वहिनी पाय न थांबवता म्हणाल्या, "तुमच्या भावानं पेटीतून काढून दिलं. माणसाले काय समजते लुगड्यातलं?" सासूबाईंनी थोडा विचार केला. "त्याले काहीच नाई समजत," त्या म्हणाल्या, आणि या एका मुद्द्यावर दोघींचं इतकं एकमत झालं की पुढचा पाऊण मैल त्या त्याच्याबद्दलच बोलत होत्या.

वीसचा आकडा आला तेव्हा गार्डसाहेबांनी इतक्या जोरात भोंगा वाजवला की रसवंतीवरचे लोक धावत आले.

"आलं मोहगाव," वहिनी म्हणाल्या. पदर कमरेला खोचला आणि तडक माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या. मी मागे गेले.

"मामी, बसा तुम्ही, मी चहा ठेवते."

"तू काऊन ठेवशील? बाई मोहगावले आल्या आहे, चहा माह्या घरचा."

त्यांनी माझ्याच स्टोव्हवर, माझ्याच साखरेनं चहा केला, गाठोड्यातल्या कालच्या पुरणपोळ्या तव्यावर गरम केल्या, तूप शोधलं, नाही सापडलं तेव्हा "काय घर आहे माह्यं" म्हणून स्वतःलाच बोलल्या, आणि ताट वाढून ओसरीवर नेलं. सासूबाई माहेरवाशिणीसारख्या मागे-मागे सरत "नको नको, एवढं नको" करत तीन पोळ्या जेवल्या. स्वतःच्या घरात त्यांनी एवढे आढेवेढे कधी घेतले नव्हते.

"मग मी कुठे आहे?" मी नवऱ्याला विचारलं.

"तू पांढुर्ण्यात," सासूबाईंनीच उत्तर दिलं. "तुले कोणी बोलावलं नाई."

रात्रभर दोघी त्या घराला मोहगावच समजून राहिल्या. शनिवारी सकाळी वहिनी म्हणाल्या, आता खऱ्या मोहगावला चला, तुमचे भाऊ अजून रस्त्यालाच उभे असतील. सासूबाई नवं लुगडं नेसल्या, बसमध्ये खिडकीपाशी बसल्या. कंडक्टरनं त्यांना तिकीट द्यायच्या आधी विचारलं, "बाई, तुमी तर पोचल्या होत्या ना?"

"काल पोचली होती," त्या म्हणाल्या. "आज भेटायले जाऊन राहिली."

आठ दिवस राहणार होत्या. चौथ्या दिवशीच परत आल्या. दारातून आत येताच पिशवी आपटली. वहिनींनी सासूबाईंच्या हातच्या वरणात त्यांच्यासमोर मीठ घातलं होतं.

"चाखून तरी पाहायचं ना आधी!" त्या म्हणाल्या. "सरळ मूठभर घातलं. मी लगेच पिशवी भरली."

"मग आता परत बंद?" मी घाबरत विचारलं.

"बंद काऊन? ती येऊन राहिली ना सोमवारी. भांडायले."

वहिनी सोमवारी आल्या आणि पंधरा दिवस राहिल्या.