गाडी लावायला गेलेले घरचे

“येतायत. गाडी लावतायत.”

हे वाक्य तो इतक्या सहज म्हणायचा, की ऐकणाऱ्याची नजर आपोआप दाराकडे वळायची. शेजारच्या खुर्चीवर जॅकेट टाकून त्यानं जागा धरलेली असायची. थोड्या वेळानं तोच ते जॅकेट उचलून मांडीवर घ्यायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, लग्नाच्या पंगतीत शेजारचं ताट राखून बसणारी. फरक एवढाच, की हा हॅमिल्टनच्या कोर्टात बसायचा आणि गाडी लावायला कुणी गेलेलंच नसायचं.

आता मी तिथं काय करत होतो? मला थंडी वाजत होती.

बायको गेल्यावर मुलानं मला सहा महिन्यांसाठी न्यूझीलंडला, हॅमिल्टनला नेलं. तो आणि सून सकाळीच ‘ते रापा’ नावाच्या उपनगरात कामावर जायचे, नातू शाळेत. नातवाशी मी मराठीत बोलायचो, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि दोघंही आपापला हेका सोडत नव्हतो. दिवसभर घरात मी आणि खोली गरम ठेवणारा हीट पंप. त्याच्या रिमोटवर मी एकदा असं काही दाबलं, की ऐन जुलैत, म्हणजे तिकडच्या भर हिवाळ्यात, तो गार हवा सोडू लागला. मुलाला फोन करून आपलं अज्ञान जाहीर करण्यापेक्षा मी बस पकडून गावात गेलो आणि लायब्ररी समजून एका उबदार इमारतीत शिरलो. दारातच माझी पिशवी तपासली. चिवड्याचा डबा उघडून वाससुद्धा घेतला. मला वाटलं, पुस्तकांना किती जपतात हे लोक!

आत एका खोलीत टाळ्या चालल्या होत्या. बक्षीस समारंभ असावा म्हणून मीही रिकामी खुर्ची बघून बसलो. लाल दाढीचा एक धिप्पाड माणूस उभा राहून काहीतरी बोलला, समोरच्या उंच खुर्चीवरच्या बाई काहीतरी बोलल्या, आणि मी जोरात टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. तो गडी नशेची तपासणी चुकवून पळाला होता आणि बाई त्याला कोठडीत पाठवत होत्या.

“अरे देवा,” मी पुटपुटलो.

“काका, हात खाली,” शेजारून मराठीत आवाज आला.

तो हा, जॅकेटवाला. त्या बाई म्हणजे न्यायाधीश, सगळे त्यांना मॅडम म्हणत. दारू नाहीतर ड्रग्जपायी गुन्हे करून बसलेल्यांना हे कोर्ट तुरुंगाआधी एक वाट देतं. गुन्हा कबूल करायचा, उपचार घ्यायचे, बोलावतील तेव्हा तपासणीला जायचं, आणि दर थोड्या आठवड्यांनी मॅडमसमोर उभं राहून कसं चाललंय ते सांगायचं. पार पडलं तर तुरुंग टळतो. नाहीतर शिक्षा आहेच. मॅडम प्रत्येकाला विचारायच्या, “आज सोबत कोण आलंय?” मग त्याच्या घरचे उभे राहायचे. आज्या, मावश्या, कडेवरची पोरं. काहींची माणसं तर अख्खा बाक भरून.

त्याची पाळी आली. तोच प्रश्न. त्यानं सवयीनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, “माझे काका.”

साहेबानं नुसतं बघितलं तरी उभं राहायची मला बँकेतल्या नोकरीपासूनची सवय. राहिलो उभा. वर हातही जोडले. खोलीनं टाळ्या वाजवल्या. इतक्या स्वस्तात टाळ्या मला जन्मात मिळाल्या नव्हत्या.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. “काय रे, मी तुझा काका कधी झालो?”

“आत्ताच की. तुम्ही उभे कशाला राहिलात?”

मी चिवड्याचा डबा पुढं केला.

मूळचा सांगलीचा, कॉम्प्युटरवाला. पिऊन गाडी चालवताना पुन्हापुन्हा सापडलेला. शेवटच्या वेळी तो एकाचं कुंपण तोडून परसात घुसला. तिथं मुलांचं ट्रॅम्पोलिन होतं. त्या वेळी त्यावर कुणी नव्हतं, एवढंच त्याचं नशीब. त्यानंतर बायको मुलीला घेऊन ऑकलंडला गेली. डाव्या घोट्याला त्याच्या एक यंत्र बांधलं होतं, घामातून दारू ओळखणारं. बोलताना तो सारखी पँट खाली ओढायचा.

“सांगलीला ठाऊक आहे?” मी विचारलं.

“व्हिडिओ कॉलवर माणूस कमरेपर्यंतच दिसतो, काका.”

मग मी दर खेपेला जाऊ लागलो. घरी सांगायचो, लायब्ररीत जातो. सून कौतुकानं म्हणायची, “बाबांचं वाचन दांडगं आहे हं!”

दिवाळीत मुलानं ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांतून फराळ आणला. मी काकाच्या थाटात चार अनारसे डब्यात घालून कोर्टात नेले. त्यानं आनंदानं हात पुढं केला आणि विस्तव दिसल्यासारखा मागं घेतला.

“खसखस!”

“मग? अनारशाला खसखस नको?”

“काका, अफूच्या बोंडातलीच ना ती? तपासणीत अफू दिसेल. मी काय सांगू मॅडमना, दिवाळी होती म्हणून?”

त्याच्या हाती द्यायला निघालो होतो तो थेट तुरुंग, तोही साजूक तुपातला. कचऱ्यात टाकवेना म्हणून चारही अनारसे मी तिथंच उभ्यानं खाल्ले. तो बघत होता. “जाळी पडलीय का छान?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “नाही रे, दगड आहेत नुसते.” जाळी सुरेख पडली होती.

पुढं त्याला उपचारांच्या शेवटच्या टप्प्यात घ्यायचं ठरत होतं. त्या कोर्टात पिणं वाईटच, पण लपवणं त्याहून वाईट. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि हा उभा राहून म्हणाला, “हे माझे काका नाहीत. मी यांना ओळखतही नव्हतो. हे इथं ऊब असते म्हणून आले होते. मी तुमच्याशी खोटं बोललो.”

पोरगा काठाला लागला होता आणि माझ्यापायी बुडणार होता.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “हे खरंय?”

मी उभा राहिलो. माझ्या बँकेच्या इंग्रजीत म्हटलं, “खरंय, मॅडम. पण थंडी केव्हाच संपली.”

कुणीतरी मागं हसलं. मॅडम हसल्या नाहीत. मग माओरीत नमस्कार करत म्हणाल्या, “किया ओरा, काका. बसा.” आणि त्याला पुढच्या टप्प्यात घेतलं.

त्याचा समारोप व्हायच्या आधी माझा व्हिसा संपला. मी पुण्याला आलो. एका दुपारी त्याचा फोन आला.

“झालं, काका. सुटलो. घोटा मोकळा.”

“शाब्बास! सोबत कोण होतं?”

“मॅडमनीही विचारलं. मी म्हटलं, आज कुणी नाही.”

“मग?”

“मग काय, पुढचं विचारलं.”

“वाईट वाटलं?”

“वाटलं ना. पण तिथून निघून सरळ घरी आलो.” मग म्हणाला, “घरी म्हणजे, खोलीवर.”

त्यानंतर त्याचा फोन नाही. जुन्या संगती तोडा, नंबर बदला, असं त्यांना तिथं शिकवतात. वाईट संगतीत आपणही मोडतो की काय, असं वाटून मला आधी जरा ऐटच आली होती. मग परवा न राहवून मीच फोन लावला. एका अनोळखी बाईनं उचलला. नंबर आता तिचा होता.

“कोण हवं होतं तुम्हाला?” तिनं इंग्रजीत विचारलं.

“माझा पुतण्या,” मी म्हटलं.

“अरेरे. नंबर बदलला असेल त्यानं. हल्लीची मुलं कळवतच नाहीत.”

“हो ना,” मी म्हणालो. “आमच्या घरातली तर मुळीच नाहीत.”