ग्राफ नसलेली पाणपाळी

"प्रोग्रॅम फेल आहे, टेप नागपूरले वापस करा," साहेब म्हणाले. मी टेप दिली नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. भंडाऱ्यात पाटबंधाऱ्याच्या एका कार्यालयात मी प्रोग्रॅमर होते. तलावाचं पाणी कोणत्या गावाला कधी सोडायचं, ती पाणपाळी दरवर्षी हातानं काढली जाई आणि वरची गावं हमखास जास्त पाणी ओढून घेत. म्हणून साहेबांनीच हुकूम काढला होता, यंदा पाळी फक्त कॉम्प्युटरवरून. आता कॉम्प्युटर अडला म्हणून पाणीही अडलं.

दिघोरीचे सुखदेवभाऊ सकाळपासून दाराशी बसून होते. त्यांचं शेत कालव्याच्या शेपटाला.

"बाई, धान निसवून राहिला," ते म्हणाले. "आता पाणी नाही भेटलं तं दाणा नाही, नुसती तणीस हाती येईन."

नागपूरच्या कंपनीनं टेपवर सोर्स दिला होता, म्हणजे माणसाला वाचता येईल असा प्रोग्रॅम. तो यंत्राच्या भाषेत उतरवणं म्हणजे कंपाइल करणं. हे काम 'मेक' नावाची कमांड एकेक फाइल घेऊन करते. एक फाइल अडली की ती सगळंच थांबवते. आमचं घोडं अडलं होतं ग्राफ काढणाऱ्या फाइलपाशी. तिला लागणारी ग्राफिक्स लायब्ररी, म्हणजे चित्रं काढायचे तयार प्रोग्रॅम, आमच्या मशीनवर नव्हतीच. पाण्याच्या हिशेबाच्या फाइली तिच्यामागे रांगेत उभ्या होत्या, त्यांच्यात काही खोट नव्हती. कंपनीला फोन लावला तर म्हणाले, ग्राफ दाखवणारा पडदा, ग्राफिक्स टर्मिनल, लायब्ररीसकट येईपर्यंत थांबा. कधी येणार, ते सांगेनात. माझं डोकंच फिरलं.

'मेक'ला सूचना देणारी मेकफाइल उघडली. ग्राफ ऐच्छिक आहे, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं. मी तो बंद केला. बाकी सगळ्या फाइली कंपाइल झाल्या, पण जोडणी करताना पुन्हा अडलं, कारण मुख्य प्रोग्रॅम अजून ग्राफला हाक मारत होता. मग त्याच नावाचं एक रिकामं फंक्शन लिहिलं. हाक आली की काही न करता परत जायचं, एवढंच त्याचं काम. प्रिंटर करकरला आणि पाळी कागदावर आली. एका तलावाचा हिशेब हातानं पडताळून पाहिला. बरोबर होता.

साहेबांनी कागद उलटसुलट केला.

"ग्राफ काहून नाही? मोठे साहेब पाहाले येऊन राहिले. त्यांले मी हे आकडे दाखवू?"

"साहेब, दिघोरीत पाळीची मुनादी होते. कोतवाल डफ वाजवून दिवस सांगते. तो ग्राफ कसा वाचून दाखवन?"

"अर्धवट प्रोग्रॅमवर मी सही नाही करत."

"मी करतो. जबाबदारी माही, तसं लिहून घ्या."

त्यांनी खरंच लिहून घेतलं. मीही ठसठशीत सही ठोकली. नोकरी गेली असती, तर मोहाडीला माहेरी जाऊन धान लावला असता. दुसऱ्या दिवशी दिघोरीत मुनादी झाली आणि ठरल्या पाळीला पाणी शेपटापर्यंत पोहोचलं.

तेव्हापासून कोणी काही फेल झालं म्हणालं, की मी आधी विचारते, त्यातलं नेमकं काय?

टर्मिनल पुढे आलं. मी ग्राफ जोडून दिला. पडद्यावर निळी रेघ उमटली आणि साहेब खूश झाले. दिघोरीचा धान तोवर कापून, चुरून, घरात भरून झाला होता.